बोडख्याची तार

चि. अर्जुन आणि चि. रेवा,

रेवाने पाठवलेला फोटो मिळाला. आल्प्समधल्या कुठल्याशा डोंगराच्या उभ्या कड्यावर तुम्ही दोघं पालीसारखे चिकटला आहात. डोक्यावर टोप्या, कमरेला पट्टे, आणि पट्ट्यांतून निघालेल्या दोन-दोन दोऱ्या खडकात ठोकलेल्या लोखंडी तारेत अडकवलेल्या. खाली रेवाने लिहिलं आहे, "आजी, घाबरू नकोस. हा नवीन प्रकार आहे, आम्ही रीतसर शिकलोय." मी घाबरले नाही. चष्मा पुसून एवढंच पाहिलं की तार तुमच्या छातीच्या उंचीला आहे की नाही. आहे. मग फोटो देवघराशेजारी लावला.

प्रकार मात्र नवीन नाही. मी तो दहाव्या-अकराव्या वर्षी, निजामाच्या राज्यात, जाफराबादच्या बाजूच्या एका खेड्यात, परकराचा काचा मारून केलेला आहे. हे मी तुमच्या बाबांना कधी सांगितलं नाही, कारण ते लहानपणी झाडावर चढले की मी अंगणातून ओरडत असे. आता ते साठीला आले आणि झाडावर चढत नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही. शिवाय ज्यांना हे माहीत होतं अशी माणसं मोजली तर आता मी धरून एकच उरतं. म्हणून लिहायला बसले.

तुमचे पणजोबा त्या गावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. शाळा चौथीपर्यंत होती आणि तिला एकच मास्तर होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. लपवायचं म्हणून नव्हे. आम्ही ते कधी उच्चारलंच नाही. मास्तर म्हटलं की पुरे होई. उंची सहा फूट, अंगावर खाकी कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि कमरेला कातडी पट्टा. पट्ट्याला हातभर लांबीच्या दोन दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या टोकांना बैलाच्या साखळीला असते तशी उघडमीट होणारी एकेक लोखंडी कडी. वर्गात शिकवतानाही हा पट्टा कमरेला असे. मास्तर फळ्याकडे वळले की कड्या एकमेकींवर आपटून वाजत, आणि आम्हांला बोलायला तेवढा वेळ मिळे.

पहिल्या महायुद्धात मास्तर खेचरांच्या पलटणीबरोबर मुनशी म्हणून विलायतेकडे गेले होते. कोणत्या देशात, ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही, "तिकडे" म्हणत. तिकडे एक डोंगर होता. पांढऱ्या माथ्याचा, समोरून सरळ कापल्यासारखा. फौजेने त्याच्या कड्यावर लोखंडी तार ठोकली होती आणि शिपाई त्या तारेला धरून वर जात. मास्तर तापाने आजारी पडले आणि त्या डोंगरासमोरच्या तंबूत चाळीस दिवस पडून राहिले. तंबूचं दार नेमकं त्या बाजूला होतं. बाकी काही पाहायला नव्हतं, म्हणून त्यांनी चाळीस दिवस तार पाहिली. परत येताना एक चित्राचं कार्ड आणलं. कार्डावर डोंगर होता, पण तार दिसत नव्हती; ती मास्तरांनी नंतर लाल शाईने काढली होती. भूगोलाच्या तासाला ते कार्ड हातोहात फिरे आणि शेवटच्या रांगेतून परत येईपर्यंत मास्तर दुसरं काही बोलत नसत.

आमच्या गावच्या उत्तरेला अर्ध्या कोसावर एक डोंगर आहे. त्याला बोडखा म्हणत. त्याची गावाकडची बाजू काळ्या खडकाची, उभी, पन्नास-साठ फूट. मागची बाजू इतकी उतरती की शेळ्या चरत चरत माथ्यावर पोचत आणि आपण डोंगर चढलो हे त्यांच्या लक्षातही येत नसे.

मास्तरांनी पुढच्या बाजूला तार लावली.

मी शाळेत जायच्या आधीच ती लागली होती, पण हकिकत गावात सगळ्यांना पाठ होती. जालन्याच्या एका जिनिंगमधून टाकाऊ तार बैलगाडीतून आली. लोहाराने गाडीच्या चाकांच्या जुन्या धावा तोडून छत्तीस खुंट्या घडवल्या. यल्लप्पा नावाचा पाथरवट माथ्यावरून दोराला लटकून भोकं पाडत खाली आला आणि प्रत्येक भोकात खुंटी बसवून शिसं ओतलं. काम चालू असताना सगळा गाव बघायला जाई. तेव्हा कोणीतरी मास्तरांना विचारलं,

"मास्तर, मागून वाट हाय की."

"आहे," मास्तर म्हणाले.

"मंग हे कशापायी?"

"ती डोंगराची मागची बाजू आहे," मास्तर म्हणाले.

यावर लोकांनी विचार केला आणि ते घरी गेले.

तारेवर चढायचे नियम दोन. पहिला: खुंटी आली की एक कडी सोडून पुढे अडकवायची, मग दुसरी, दोन्ही एकदम कधीच सोडायच्या नाहीत. दुसरा: भीती वाटली तर थांबायचं आणि औटकी म्हणायची. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. तुम्हांला तो येत नाही, आम्हांला मारून शिकवलेला होता. खाली उभा असलेला मॉनिटर विचारी, वरचा उत्तर देई. उत्तर बरोबर आलं की एक खुंटी वर. "साडेतिनाचा पाढा चालू असला की डोक्यात दुसऱ्या कशाला जागा राहत नाही," असं मास्तर म्हणत. हे खरं आहे. मी पुढे कॉलेजात परीक्षेला बसताना आणि तुमच्या बाबांच्या वेळी बाळंत होताना ताडून पाहिलं आहे.

पहिला नियम मास्तरांनी फक्त डोंगरापुरता ठेवला नव्हता. बैलगाडीतून उतरताना ते एक पाय जमिनीला टेकून, पुरता रोवून, मग गाडीचा दांडा सोडत. तोवर गाडीवान खोळंबे. एकदा त्यांनी भाड्याची खोली बदलली, तेव्हा महिनाभर वळकटी नव्या खोलीत आणि भांडी जुन्या खोलीत होती. ते जेवायला एकीकडे आणि झोपायला दुसरीकडे जात. लग्न का केलं नाही असं माझ्या आईने एकदा विचारलं. तेव्हा म्हणाले, "बाई, त्यात दोन्ही कड्या एकदम सोडाव्या लागतात." आईने ते आयुष्यभर लक्षात ठेवलं आणि वडिलांशी भांडण झालं की ऐकवलं.

माझं चढणं आईला पसंत नव्हतं. "पोरगी कड्याला लटकून राह्यली अन् तुम्ही पेपर वाचून राह्यले," असं ती वडिलांना म्हणे. वडील पेपर खाली ठेवत आणि म्हणत, "दोन कड्या आहेत ना? बिलकुल पडायची नाही." मग पेपर वर घेत. मला मास्तरांनी कड्या तपासायचं काम दिलं होतं. शुक्रवारी शाळेला सुट्टी असे, तेव्हा आम्ही पाचसहा जण बोडख्यावर जात असू. चढण्याआधी मी प्रत्येकाच्या कड्या उघडून, मिटून, ओढून पाहत असे आणि वहीत बरोबरची खूण करत असे. माझ्या वहीत कधी खाडाखोड झाली नाही.

आम्ही चढायला लागलो की मास्तर शिटी वाजवत आणि मागच्या वाटेने निघत. पहिलं पोर माथ्यावर पोचे तेव्हा ते तिथे उभे असत आणि हात पुढे करून म्हणत, "या, स्वागत आहे." प्रत्येकाला. आम्हांला ती मोठ्या माणसाची रीत वाटे. दोन वर्षं कोणाच्या मनात दुसरा विचार आला नाही.

मग पाटलांच्या नातवाने घरी जेवताना सांगितलं की तो कड्यावर जातो. पाटलांनी अर्ज केला. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना तेव्हा मोहतमीम म्हणत. ते हिवाळ्यात आले, दोन दिवस मुक्कामाला. पहिल्या दिवशी त्यांनी हजेरीपट पाहिला, आमचं उर्दू वाचन ऐकलं, आणि बोडख्याखाली जाऊन मान वर करून तारही पाहिली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यांनी मास्तरांना सांगितलं, तार जर सुरक्षित असेल तर उद्या सकाळी तुम्ही स्वतः माझ्यासमोर चढून दाखवा. नाही चढलात, तर संध्याकाळच्या आत तार उतरवा आणि तुमची बदली मी अंबडच्या पलीकडे करतो.

गावाला यात काही काळजीचं वाटलं नाही. मास्तर चढतील, साहेब जातील.

त्या दुपारी शाळा सुटल्यावर मास्तरांनी मला थांबवून घेतलं आणि स्वतःच्या कड्या माझ्यासमोर ठेवल्या. "तपास," म्हणाले. मी तपासल्या. त्या कड्या नव्या होत्या. म्हणजे जुन्याच, पण आत कुठे घासल्याची खूण नव्हती. आमच्या सगळ्यांच्या कड्या तारेने आतून पांढऱ्या झाल्या होत्या.

मी वही मिटली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"बराबर," मास्तर म्हणाले. "मी कधी चढलेलो नाही."

मी वही परत उघडली आणि बरोबरची खूण केली.

"तिकडे मला ताप नव्हता," ते म्हणाले. "खेचरं जिथपर्यंत जात तिथून पुढे ओझं माणसांनी न्यायचं होतं. माझी पाळी आली. मी पहिल्या खुंटीवर पाय ठेवला आणि मला तो दुसरीवर ठेवता येईना. मागे रांग थांबली. साहेबाने मला बाजूला काढलं आणि खेचरांपाशी बसवलं. चाळीस दिवस." त्यांनी कड्या परत पट्ट्याला लावल्या. "मला वाटलं, इथला डोंगर लहान आहे."

"मग इथे का नाही चढलात?"

"लहान आहे, पण उभा आहे," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव बोडख्याखाली होता. साहेबांसाठी शाळेची खुर्ची बाभळीखाली आणून ठेवली होती. वडील औषधांची बॅग घेऊन आले होते, आई म्हणाली, "ती बॅग मागं धरा, मास्तरांना दिसती." यल्लप्पा खडकाला टेकून बिडी ओढत होता.

मास्तर पहिल्या खुंटीवर उभे राहिले आणि त्याच क्षणी मला चूक दिसली. तार त्यांच्या कमरेला लागत होती. खुंट्या आणि तार लावताना मास्तरांनी सगळी मापं शाळेतल्या पोरांना भिंतीशी उभं करून घेतली होती: पाऊल कुठे, खांदा कुठे. मोठ्या माणसाचं माप घ्यायचं त्यांना सुचलं नव्हतं, कारण मोठं माणूस चढणार आहे असं त्यांनी कधी धरलंच नव्हतं. आता तार धरायची तर त्यांना दर वेळी वाकावं लागत होतं, आणि वाकलं की खालचं सगळं दिसत होतं.

यल्लप्पानेही ते पाहिलं. बिडी तोंडातून काढून तो माझ्या वडिलांना हळूच म्हणाला, "डाक्टरसाहेब, मास्तर ह्या तारेवर आजच चढून राह्यले."

साहेबांनी विचारलं, "क्यों जी, मास्तरसाब रोज चढते हैं ना?"

"रोज की, साहेब," यल्लप्पा म्हणाला. "जेवल्यावर बी."

एकोणिसाव्या खुंटीपाशी खडकाला पोट आहे. तिथे मास्तर थांबले. साहेबांनी खालून हाक मारली. मास्तरांचा आवाज आला, नेहमीच्या वर्गातला, "मी निरीक्षण करतो आहे." मग त्यांनी डोळे मिटलेले ठेवूनच भूगोल सांगायला सुरुवात केली. डाव्या हाताला पूर्णा नदी. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. पाऊस बेताचा. हे त्यांनी बराच वेळ सांगितलं. साहेबांनी खुर्ची सरकवून सावलीत घेतली. मास्तर जालना जिनिंगवर आले, तिथून मनमाडच्या रेल्वेवर आले, आणि मग त्यांना सांगायला काही उरलं नाही.

माथ्यावर सगुणाबाई धनगरीण मागच्या वाटेने शेळ्या घेऊन आलेली होती. ती कडेला उकिडवी बसून खाली डोकावली.

"मास्तर, येता का तिथंच ऱ्हाता? माह्या शेळ्या निघाल्या."

कोणी हसलं नाही. मास्तरांच्या पट्ट्याला लटकलेली कडी खडकावर टकटक वाजत होती. एक कडी अडकवलेली होती, दुसरी सुटलेली. ती पुढे अडकवायला त्यांना वाकायला हवं होतं.

मी माझा पट्टा बांधला. आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता दंडाला धरून मागे ओढेल. ती पुढे आली, माझा काचा मागून घट्ट खोचला आणि म्हणाली, "जा जल्दी."

मी अठराव्या खुंटीपर्यंत गेले. माझं डोकं त्यांच्या बुटांशी होतं.

"मास्तर, मी आहे."

"कोणी पाठवलं?"

"कोणी नाही."

"दोन्ही अडकवल्यात?"

"अडकवल्यात."

"दाखव."

मी दाखवल्या. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "बराबर," ते म्हणाले.

मी हात वर करून त्यांची सुटलेली कडी धरली आणि तारेत अडकवली. दुसऱ्याच्या कडीला हात लावल्याबद्दल एरवी छडी मिळाली असती.

"पाच औटे?" मी विचारलं.

"आत्ता नको."

"पाच औटे?"

खाली कोणाचं तरी मूल रडत होतं.

"साडेसतरा," मास्तर म्हणाले.

"चढा."

त्यांनी पाय उचलला आणि विसाव्या खुंटीवर ठेवला. मी त्यांची मागची कडी सोडून पुढे अडकवली. "सहा औटे?" "एकवीस." "चढा." "सात औटे?" "साडेचोवीस." हे सगळं आम्ही मोठमोठ्याने ओरडत होतो, कारण हळू बोलण्याइतका श्वास दोघांनाही नव्हता. साहेबांनी विचारलं, ये क्या पढ रहे हैं? गर्दीतून कोणी म्हणालं, दुआ है, साहेब. साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि शेवटपर्यंत उभेच होते.

दहाव्या औटापर्यंत गेलो की परत पहिल्यापासून. छत्तिसाव्या खुंटीवर मास्तर "सात" म्हणाले, गुडघ्यांवर माथ्यावर गेले आणि तिथे आडवे झाले. मी वर आले. स्वागत करायला कोणी नव्हतं. मग मीच हात पुढे केला आणि म्हणाले, "या, स्वागत आहे."

मास्तरांनी माझा हात धरून स्वतःला बसतं केलं, आणि बराच वेळ सोडला नाही. सगुणाबाईने त्यांना लोटक्यातून पाणी दिलं. "असं का केलं वो मास्तर," ती म्हणाली, "मागून किती बरी वाट हाय."

"हो," मास्तर म्हणाले. "माझ्या चांगल्या ओळखीची आहे."

साहेबांचा लेखी हुकूम आठ दिवसांनी आला. वडिलांनी तो उर्दूतून आईला वाचून दाखवला. तार मजबूत आहे, ती राहू द्यावी. मास्तरांची बदली करण्याचं कारण नाही. मुलांनी मात्र तारेवर चढू नये. केवळ मास्तरांनी चढावं, आणि तार सुस्थितीत असल्याची खात्री दर आठवड्याला करून घ्यावी.

आई म्हणाली, "झालं. आता हुकूमच हाय त्यांना."

त्यानंतर दर शुक्रवारी मास्तर बोडखा चढले. एकटे, पुढच्या बाजूने. मी खाली उभी राहून औटकी विचारत असे. त्याला हुकमात मनाई नव्हती. एकोणिसाव्या खुंटीवर ते दर वेळी थांबत. कधी थोडंच, कधी सकाळभर. आवाज गावापर्यंत जाई आणि बायका म्हणत, मास्तर पोटावर आले, आता भाकरी टाकायला घ्या. यल्लप्पाने दोनदा सांगितलं, "मास्तर, तार हातभर वर घेतो. तुमची कंबर मोडून राह्यली." मास्तर नको म्हणाले. "पोरांच्या मापाची आहे," ते म्हणाले. "हुकूम बदलतात."

मी पुढच्या शिक्षणासाठी औरंगाबादला गेले. दिवाळीत घरी आले की विचारायला जात असे; मधल्या काळात सगुणाबाई वरून विचारी. तिला औटकी येत नव्हती. ती "मंग पुढं?" एवढंच विचारी, आणि चालत असे.

राज्य बदललं त्या धामधुमीच्या वर्षी तार कोणीतरी नेली. कोणी, ते कळलं नाही. तेव्हा तेवढी चौकशी करायला कोणाला सवड नव्हती. मास्तर त्यानंतर दोन पावसाळे होते. तारेवाचून त्यांनी चढू नये असं वडिलांनी निक्षून सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं. मुलांना चढायची परवानगी द्यावी म्हणून त्यांनी नव्या सरकारकडे अर्ज केला होता. उत्तर आलं की अशी कोणतीही तार दप्तरी नाही.

गेल्या वर्षी तुमचे बाबा मला गाडीने तिकडे घेऊन गेले होते. मी त्यांना सांगितलं, जुना दवाखाना पाहायचा आहे. दवाखाना नाही. बोडखा आहे. खालच्या आठ खुंट्या लोकांनी गुरं बांधायला काढून नेल्या. वरच्या अठ्ठावीस आहेत, लहान मुलाच्या पावलाइतक्या अंतरावर.

तुमची आजी